यंदाच्या लवंगेत दम नाही

१२ ऑगस्ट, मंगळवार

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, "दोन्या फिदेलिया, ताप मोठा होता तुमचा. आता महिनाभर रोज लिहायचं. ताप किती, भूक कशी, झोप कशी." तर लिहिते. ताप नाही. भूक आहे, पण जेवावंसं वाटत नाही, कारण स्वयंपाक सून करते. झोप लागते. झालं.

एवढ्याने पानाचा कोपराही भरला नाही. वही चांगली जाड आहे, वाया कशाला घालवायची, म्हणून बाकीचंही लिहीन. वाचणार त्या डॉक्टरीणबाईच, आणि त्या पडल्या मेरिदा शहरातल्या. आमच्या गावातल्या भानगडींशी त्यांना काय करायचंय.

मी फिदेलिया काविच, वय एकसष्ट, म्हणून सगळे मानाने दोन्या म्हणतात. बाजारात शिरलं की डाव्या हाताला तिसरं दुकान, वाटणाचं, ते आमचं. माझ्या आईचं होतं, त्याआधी तिच्या आईचं. काळं वाटण आहे, रश्शाचं पांढरं आहे, पण नाव आहे ते लाल वाटणाचं. शेंद्रीच्या बिया, भाजलेला लसूण, मिरी, जिरं, लवंग, ओरेगानो, मीठ आणि आंबट नारिंगाचा रस. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. किती किती घ्यायचं ते मात्र कुणी सांगू शकत नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नाही. ते माझ्या नाकात आहे. आईने मला तराजूला कधी हात लावू दिला नाही. म्हणायची, तराजू विकायला, नाक करायला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज एर्मिलो चान दुकानावर आला. हा आमच्या बाजारकरांच्या मंडळाचा अध्यक्ष. आमच्या गावच्या संताच्या, सान मिगेलच्या उत्सवात प्रत्येक मंडळाचा एकेक दिवस असतो, आमचा सत्तावीस सप्टेंबर. झेंडे नाचवत देवळात जायचं आणि मग साऱ्या गावाला जेवण. अकरा डुकरं, लाल वाटणात मुरवून, केळीच्या पानात गुंडाळून, तापल्या दगडांच्या खड्ड्यात रात्रभर पुरलेली. त्याला वाटण लागतं तीस किलो. ते आम्ही संताच्या नावाने देतो. आईने एकोणीस वर्षं दिलं, मी बावीस वर्षं देते आहे.

तर एर्मिलो म्हणतो, "दोन्या, तुम्ही आत्ता कुठे आजारातून उठलात. यंदा दगदग नको. तोमासा म्हणते ती पाकिटं देईल."

तोमासा म्हणजे माझ्या समोरच्या दुकानातली. कारखान्यातल्या वाटणाच्या वड्यांची पाकिटं विकते. त्या वड्यांना रंग तेवढा आहे, बाकी रामराम.

मी विचारलं, "एर्मिलो, तुझ्या लग्नातलं डुक्कर कुणाच्या वाटणात मुरलं होतं?"

"तुमच्या."

"पोराच्या बाप्तिस्म्याचं?"

"तुमच्याच."

"मग पाकीट तुझ्या मयताला ठेव."

हसला. पण जाताना थांबला. म्हणाला, "दोघातिघांनी मला काहीबाही सांगितलंय. मी लक्ष दिलं नाही. पण एवढं सांगून ठेवतो, यंदा बिघडलं तर पुढच्या वर्षीपासून पाकीट. मग माझ्यावर ओरडायचं नाही."

काहीबाही म्हणजे काय ते विचारलं तर पळाला. बिघडायला मी काय काल आलेय? पण खरं सांगते, त्याचं बोलणं मला लागलं. मंडळाचं वाटण आमच्या हातचं, म्हणून लोक दुकानात येतात, म्हणून मला वाटेत टोप्या काढतात. ते गेलं तर मी नुसती एक मसाले विकणारी म्हातारी.

१९ ऑगस्ट, मंगळवार

यंदाच्या लवंगेत दम नाही. मूठभर घेतली, चोळली, नाकाशी धरली. भुसा. म्हणून दुप्पट टाकली. गिरणीतून वाटण आलं तरी लवंगेचा पत्ता नाही. आणखी अर्धी मूठ कुटून घातली.

यामिली शेजारी बसून लसूण भाजत होती. यामिली माझी सून, विल्बेर्तची बायको. विल्बेर्त कान्कूनच्या एका हॉटेलात एसी दुरुस्त करतो, पंधरा दिवसांनी येतो. त्यामुळे घरात आम्ही दोघीच, मी बोलते आणि ती ऐकते.

आज मात्र ती बोलली. "सासूबाई, लवंग जास्त होतेय."

"तुला काय ठाऊक?"

"वास खूप येतोय. डोकं दुखायला लागलंय माझं."

मी म्हटलं, "तू समुद्रकाठची. माशांच्या वासात वाढलेली. तुझ्या नाकात दुसरं काय शिरणार बाई?"

ती पुन्हा लसणाकडे वळली. वाटण बादलीत दाबून बसवलं आणि वर अंगठ्याने क्रूस काढला. आई काढायची तसाच, आडवी रेघ जरा तिरकी. तो क्रूस असला की समजायचं, हे आमच्या हातचं.

२४ ऑगस्ट, रविवार

काल विल्बेर्त आला. सुनेने पानुचोस तळले, घेवडा भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या. त्याने नऊ खाल्ले. मी दीड खाल्ला आणि म्हटलं, "पुठ्ठा आहे. मीठ लावलेला पुठ्ठा." विल्बेर्तने बायकोकडे बघितलं, तिने मान हलवली. मला दिसत नाही असं वाटतं त्यांना.

दुपारी दोघं परसात झाडाला टांगलेल्या झोळीत बसून तासभर कुजबुजत होते. मला ठाऊक आहे काय चाललंय. तिला कान्कूनला बिऱ्हाड करायचंय. जाताना विल्बेर्त म्हणाला, "आई, पुन्हा एकदा दवाखान्यात जाऊन येतेस का?" मी म्हटलं, मी ठणठणीत आहे, तू तुझ्या एसीचं बघ.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज बाजारात मोठं नाटक झालं. सकाळपासून येणारा जाणारा नाकाला रुमाल लावून माझ्या दुकानासमोरून पळत होता. तोमासाने तर लिंबाची फोड नाकाला चिकटवली. मला वाटलं, ही हिची नवीन चाल, माझ्या मालाला नावं ठेवायची. मी मुद्दाम खुर्ची पुढे ओढून, पाय पसरून बसले, आणि मोठ्याने म्हटलं, "काही लोकांना नाकाने कांदे सोलायची सवयच असते."

अकराच्या सुमाराला यामिली आली आणि माझ्या खुर्चीखालची फळी उचलून तिने मेलेला उंदीर काढला. चांगला दोन दिवसांचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका उंदराचं एवढं कौतुक मी जन्मात पाहिलं नव्हतं.

३ सप्टेंबर, बुधवार

मेरिदाला जाऊन मसाल्याच्या व्यापाऱ्याला झापून आले. त्याला सगळे तुर्क म्हणतात. आजोबा लेबननहून आले होते, पण नाव पडलं ते पडलं. तीस वर्षं त्याच्याकडून माल घेते.

म्हटलं, "तुर्का, लवंगेचं तेल काढून घेतोस आणि काड्या आम्हाला विकतोस होय?"

त्याने मुकाट्याने तीन पोती उघडली. "कुठली हवी ती घ्या दोन्या."

तिन्हींत तोंड घातलं. एक भुसा, दुसरा भुसा, तिसरा भुसा. मागे एक मेरिदाची बाई उभी होती, तिला पोत्याजवळ उभ्या उभ्याच तीन शिंका आल्या. मी म्हटलं, बघ, धूळ आहे म्हणून शिंकते ती.

तुर्काने मला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, आणि तब्येत कशी आहे, ताप कधी गेला, असं डॉक्टरसारखं विचारत बसला. चूक अंगाशी आली की माणूस असा गोड होतो. शेवटी त्याने एक किलो लवंग फुकट दिली. मी घेतली. यामिलीला सांगितलं तर म्हणाली, "सासूबाई, लवंग चांगली आहे. खरंच चांगली आहे." मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं, असं तुर्काचं झालंय, तू त्याची वकिली करू नकोस.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

वही घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंची बदली झाली. नवीन डॉक्टर पुढच्या महिन्यात येणार. नर्सने रक्तदाब बघितला आणि वहीवर शिक्का मारून दिला. आता ही वाचणारं कुणीच नाही. पण लिहायची सवय लागली. यामिलीशी बोलण्यापेक्षा वही बरी, ती निदान कान्कूनला जाणार नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज मी खूश आहे. सकाळपासून चार गिऱ्हाइकांनी सांगितलं, "दोन्या, तुमचा जुना हात परत आला." हॉटेलवाला बेनिग्नो तर म्हणाला, "मध्यंतरी एकदा नेलं ते वाटण आम्ही फेकून दिलं होतं, तुम्हाला बोललो नाही. पण गेला महिनाभर बायको म्हणते, आता तुमच्या आईच्या वेळचं लागतं."

फेकून दिलं म्हणे. पण पुढचं ऐकून माफ केलं. आईच्या वेळचं. मी दुकान बंद होईपर्यंत ताठ बसून राहिले. एर्मिलो समोरून गेला तेव्हा बेनिग्नोला तेच पुन्हा बोलायला लावलं. एर्मिलोने अंगठा वर केला. मंडळाचं वाटण आमचंच.

एक गोष्ट कळत नाही. शेंद्री कमी होतेय. कोठीतलं पोतं कमरेएवढं होतं, आता गुडघ्याला आलंय. तेवढं वाटण मी केलेलं नाही. लसणाच्या माळाही दोन कमी भरल्या. दुकान पहाटे यामिली उघडते, मी आठला जाते. कोठीची दुसरी किल्लीही तिच्याचकडे. मी काही म्हणत नाही. फक्त लिहून ठेवते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मंडळाचं वाटण सुरू केलं. आज अंग मोडलंय पण लिहिल्याशिवाय झोपणार नाही.

शेंद्री परवापासून नारिंगाच्या रसात भिजत होती. दगडासारखी बी, तिला घाई चालत नाही. गिरणीवाल्याला आधी मीठ आणि शिळ्या भाकऱ्या दळायला लावल्या. कुणीतरी काल काळं वाटण दळून गेलेलं, आणि काळ्यावर लाल दळलं तर डुक्कर राखेसारखं लागतं. मग तीन फेऱ्या. पहिल्या फेरीला बी नुसती फुटते, दुसरीला रंग सोडते, तिसरीला ती लोण्यासारखी होते. बोटांत धरून चोळायची, कण लागता कामा नये. नखाला लावून उन्हात बघायची, नखाच्या कडेला नारिंगी रेघ उरली तर पाणी जास्त झालं. तशी उरली नाही. गिरणीवाला म्हणाला, "दोन्या, तुमच्यासारखं दळण कुणी मागत नाही आता." मी म्हटलं, मागणार कसं, ठाऊक असायला हवं ना.

लवंग तिप्पट घातली. तुर्काचा भुसा आहे, दुसरं काय करणार. यामिली म्हणाली, "सासूबाई, पाया पडते, लवंग एवढी नको." आणि खरंच रडायला लागली. लवंगेवरून हिचं हे तिसऱ्यांदा. एवढ्या मोठ्या कामाच्या वेळी रडारड. मी तिला घरी पाठवली.

तीन बादल्या भरल्या. तिन्हींवर क्रूस काढला. आई असती तर काही बोलली नसती. काही बोलली नाही म्हणजे पसंत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

दिवा बारीक करून लिहितेय.

संध्याकाळी कोठीत गेले. तीन बादल्या होत्या तिथेच होत्या. पण सर्वांत पुढच्या बादलीवर माझा क्रूस नव्हता. होता, पण आडवी रेघ सरळ. तिन्हींवर सरळ. माझी रेघ तिरकी असते. मी केळीच्या पानांचा गठ्ठा बाजूला केला, आणि मागे भिंतीला लागून दोन बादल्या झाकून ठेवलेल्या. उघडल्या तर तिरका क्रूस. माझं वाटण.

मग शेंद्री कुठे गेली ते कळलं. माझं चांगलं वाटण काढून घ्यायचं, त्या जागी आपलं काहीतरी कालवून ठेवायचं. माझं जाणार समुद्रावर, तिच्या माहेरी. मला बाजारात तोंड दाखवायला जागा उरली नाही तरी तिचं काय जातं, ती चालली कान्कूनला.

यामिली गिरणीवर गेली होती. आली तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. उद्या सगळ्यांसमोर बघते तिला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सगळं जसं झालं तसं लिहिते. स्वतःला झुकतं माप देणार नाही.

पहाटे तिच्याआधी उठले. तिरक्या क्रुसाच्या दोन्ही बादल्या तीनचाकीवर घातल्या आणि एर्मिलोच्या आवारात नेल्या. तिथे डुकरं टांगलेली, नारिंगं पिळून झालेली, वीसेक माणसं बाह्या सारून उभी. तोमासाही होती, सहज आले म्हणाली. मी सांगितलं, "या दोन आधी घाला. बाकीचं घरून येतंय, त्याला मी सांगेपर्यंत हात लावू नका."

एर्मिलोने बादलीत हात घातला, तेवढ्यात फाटकातून यामिली पळत आली. पायात चप्पल नव्हती. मागून शेजाऱ्याच्या गाडीवर तिच्या तीन बादल्या.

"सासूबाई, ते नका घालू."

मी याचीच वाट बघत होते. म्हटलं, "ऐका सगळे. ही माझी सून. माझ्या कोठीतली शेंद्री चोरते, लसूण चोरते, माझं वाटण लपवते आणि तुम्हाला आपलं भेसळीचं खायला घालणार होती. आणि वर मलाच म्हणते घालू नका. चोराच्या उलट्या बोंबा."

यामिली सरळ एर्मिलोकडे वळली. "दॉन एर्मिलो, दोन्हीतलं बोटाने चाखा."

त्याने आधी माझं चाखलं. तोंड वाकडं झालं. थुंकला, पाणी मागितलं, पुन्हा थुंकला. म्हणाला, "जीभ बधिर झाली. दाताचं औषध आहे हे." मग तिचं चाखलं. मग पुन्हा चाखलं.

मी म्हटलं, तुझीच जीभ बिघडली. माझ्या बादलीत बोट घातलं, चाखलं. मीठ. आंबट. तिच्या बादलीत घातलं. मीठ, आंबट. दोन्ही सारखंच. मी तेच म्हणाले, "दोन्ही सारखंच तर आहे." आणि म्हणताना मला लोकांचे चेहरे दिसले. कुणी हसत नव्हतं. तोमासासुद्धा.

मी एप्रनच्या खिशातल्या तुर्काच्या लवंगा काढल्या, तोंडाशी ओंजळ धरली आणि छाती फुटेस्तोवर श्वास घेतला. काही नाही. आवारातली लसणाची टोपली उचलली. काही नाही. तिथे डुकरं होती, धूर होता, वीस माणसांचा घाम होता. मला नुसती हवा येत होती.

"कधीपासून?" मी यामिलीला विचारलं.

"तापापासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं, सासूबाई. तीनदा. तुम्ही म्हणालात, माशांच्या वासात वाढलेली."

म्हणाले होते. या वहीतही आहे. ती माझं वाटण टाकून देत नव्हती, हेही तेव्हाच कळलं. माझं एक हिस्सा घ्यायची, आणि पहाटे गिरणीवर जाऊन बिनलवंगेचं दोन हिस्से दळून त्यात मिसळायची, म्हणजे माझा जास्तीचा मसाला त्यात जिरून जाईल. शेंद्री तिथे गेली. लसूण तिथे गेला. गेला महिनाभर सगळं गाव मला माझा जुना हात म्हणून जे सांगत होतं, तो तिचा हात होता. बेनिग्नोची बायको जे म्हणाली, आईच्या वेळचं, तेही तिलाच.

तोमासा हळूच म्हणाली, "एर्मिलो, माझ्याकडे तीस किलो पाकिटं तयार आहेत. उगाच धोका कशाला?"

एर्मिलो माझ्याकडे बघायला लागला. बावीस वर्षं हा माणूस माझ्याकडे असं बघतो, आणि मी हुंगून सांगते, घाल. आज मी हुंगू शकत नव्हते. मी खाली बसले, यामिलीच्या पहिल्या बादलीत हात घातला. बोटांत चोळलं. कण नाही. नखाला लावलं, उन्हात धरलं. रेघ नाही. तिसऱ्या बादलीच्या तळापर्यंत हात घालून खालचं वर काढलं, तेही तसंच. एवढं बारीक दळण मी माझ्या चाळिसाव्या वर्षीही करत नव्हते. तिला हे कुणी शिकवलं? मी नाही शिकवलं. सहा वर्षं ती बाजूला बसून लसूण भाजत होती आणि बघत होती.

म्हटलं, "एर्मिलो, घाल हे. दळण माझ्या नखावर तपासलंय. वासाचं ती सांगते आहे, आणि तिच्या नाकाची हमी मी घेते. बिघडलं तर पुढच्या वर्षी पाकीट, मी शब्द काढणार नाही."

"आणि जे चोरी म्हणालात ते?" हे कुणीतरी मागून विचारलं.

"ते मी चुकले," मी म्हटलं. हे वाक्य बोलायला मला किती वेळ लागला ते तिथले लोक सांगतील.

यामिलीने बाह्या सारल्या आणि पहिल्या डुकराला वाटण चोळायला घेतलं. मी तिच्या शेजारी दुसरं घेतलं. दिवस मावळताना सगळं पानात गुंडाळून पुरलं. घरी येऊन मी खूप रडले. नाकासाठी रडले. चौपन्न वर्षं ते माझ्या कामी आलं, आईच्या ओट्याशी सात वर्षांची उभी राहिले तेव्हापासून, आणि ते गेलं हे घरातल्या सगळ्यांना कळलं, मला सोडून.

२७ सप्टेंबर, शनिवार

खड्डा सकाळी सहाला उघडला. केळीची पानं बाजूला केली आणि माती उकरणारा माणूस मागे सरून उभा राहिला, डोळे मिटून. सगळेच तसे उभे राहिले. मी एकटीच डोळे उघडे ठेवून होते, म्हणून मला सगळ्यांचे चेहरे बघता आले. मांस काट्याने धरलं की सुटत होतं, रंग आतपर्यंत गेलेला. यामिलीचा श्वास तेव्हा कुठे सुटला. रात्रभर ती डोळ्याला डोळा न लावता बसली होती, हे विल्बेर्तने सांगितलं. तो रात्रीच्या बसने आला होता.

झेंडे देवळात जाऊन आले. मग आवारात जेवणाआधी एर्मिलोने भोंग्यावरून कागद वाचला. दरवर्षी वाचतात, कुणी काय दिलं ते. संताच्या पुढ्यात वाचायचं म्हणून पूर्ण नाव, बापाचं आडनाव, मग आईचं आडनाव. डुकरं अमक्याची, लाकडं तमक्याची, नारिंगं, पानं, मक्याच्या भाकऱ्या. शेवटी नेहमीसारखं, "आणि लाल वाटण, फिदेलिया काविच तून." लोकांनी टाळ्या सुरू केल्या.

मी उठून उभी राहिले. गुडघे दुखतात, वेळ लागतो. म्हटलं, "एर्मिलो, चुकीचं वाचलंस."

भोंगा किंचाळून गप्प झाला. एर्मिलो म्हणाला, "दोन्या, कागदावर तसंच आहे."

"मग कागद चुकलाय. वाटण माझ्या सुनेचं आहे. पुढच्या वर्षीचंही तिचंच. पेन काढ आणि नीट लिही."

यामिली माझी बाही ओढत होती, "सासूबाई, बसा, राहू द्या." मी कधी कुणाचं ऐकलंय.

एर्मिलोने खिशातून पेन काढलं. "पूर्ण नाव सांगा."

"यामिली चाब्ले," मी म्हटलं, आणि पुढे माझ्या तोंडून काही येईना. आईचं आडनाव मला ठाऊक नव्हतं. ती सहा वर्षं माझ्या घरात होती. लग्नात पाद्रीने वाचलं असणार, मी लक्षात ठेवलं नव्हतं. सगळं गाव वाट बघत होतं. शेवटी मी वळले आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "तुझ्या आईचं आडनाव काय गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. "पेरासा," ती म्हणाली.

"पेरासा," मी एर्मिलोला ओरडून सांगितलं. "मोठ्याने वाच."

त्याने वाचलं. टाळ्या झाल्या, माझ्यापेक्षा जास्त झाल्या, आणि मला राग आला नाही. मला अभिमान वाटला, बसले आणि ताट पुढे ओढलं. मी दोन वेळा घेऊन जेवले. मीठ लागलं, आंबट लागलं, मिरचीचा जाळ लागला. चव कशी होती ते मी यामिलीला विचारलं. ती म्हणाली, "जिरं जरासं कमी पडलं." मी म्हटलं, मग पुढच्या वेळी घाल.

नाव इथे लिहून ठेवते. यामिली चाब्ले पेरासा.